गोल्फ क्लबची वर्गणी कोणाला परवडते?

ईदनंतरच्या आठवड्यात सुपा औद्योगिक वसाहतीतील एक वाचक आमच्याकडे आले. पत्र्याच्या कामाचा त्यांचा लहानसा कारखाना आहे. वडील भिंगारला लोखंडी ट्रंका आणि धान्याच्या कोठ्या बनवीत. मुलाने त्याच धंद्याला पत्रा कापायचे यंत्र जोडले आणि आता मोठ्या कंपन्यांना लागणारे पॅनेल, ब्रॅकेट असे काम तो करतो. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून एक छापील अर्ज काढून टेबलावर ठेवला. पुण्याच्या बाजूच्या एका गोल्फ क्लबचा तो अर्ज होता.

"भाई, माल चांगला आहे, भावही बरोबर आहे, पण ऑर्डर तिकडे मैदानावर ठरते म्हणतात. भरू का पैसे?"

पैसे कोणते, असे आम्ही विचारले. पत्रा वाकवण्याच्या नव्या यंत्रासाठी तीन वर्षांत साठवलेले, असे उत्तर आले. तेव्हा हा प्रश्न चहाबरोबर संपवण्यासारखा नव्हता. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात असा प्रश्न पडलेले ते एकटेच नसावेत. म्हणून थोडी चौकशी करून, कागद-पेन्सिल घेऊन आम्ही हा हिशेब मांडला आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की त्यांची शंका अगदीच पोकळ नाही. सुपा येथे जपानी उद्योगांसाठी खास औद्योगिक क्षेत्र ठरवण्यात आले आहे. पुण्याच्या रस्त्यावर पुढे रांजणगावला कोरियन कंपनीचा मोठा कारखाना आहे. जपानी आणि कोरियन अधिकाऱ्यांना गोल्फचे वेड असते, ही गोष्ट जगजाहीर आहे. अठरा होलचा एक डाव खेळायला चार ते साडेचार तास लागतात. एवढा वेळ कोणताही खरेदी अधिकारी आपल्या कार्यालयात लहान पुरवठादाराला देत नाही. चार तास बरोबर चालले की ओळख होते, पुढच्या वर्षी कंपनी काय नवे काढणार आहे त्याची कुणकुण लागते. हा फायदा खरा आहे.

पण ओळख म्हणजे ऑर्डर नव्हे. वाहनांचे किंवा एअर कंडिशनरचे सुटे भाग घेणाऱ्या कंपन्या नवा पुरवठादार कसा घेतात ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. माणसे कारखाना पाहायला येतात, यंत्रे मोजतात, गुणवत्तेचे प्रमाणपत्र मागतात, नमुना करून घेतात, तो मापात बसला तरच भावाची बोलणी होतात. आमच्या वाचकाकडे वाकवण्याचे यंत्र नाही. ते काम ते बाहेरून करून घेतात आणि दोन वेळा नमुना नापास झाला तो त्यामुळेच. मैदानावर कितीही गप्पा रंगल्या तरी वाकलेल्या पत्र्याचा कोन त्याने सरळ होत नाही. आम्ही हे त्यांना तोंडावर बोललो, आणि त्यांनी ते कबूलही केले.

आता पैशाकडे वळू. क्लबचा खर्च एका आकड्यात कधीच नसतो. सुरुवातीला प्रवेश फी, ती परत मिळत नाही. काही ठिकाणी त्याखेरीज अनामत, ती परत मिळते असे लिहिलेले असते. मग दरवर्षीची वर्गणी. ती भरली म्हणजे फुकट खेळायला मिळते असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा आहे. बहुतेक ठिकाणी प्रत्येक डावाला मैदानाची वेगळी फी असते, पाहुणा आणला तर त्याची त्याहून जास्त. काठ्यांची पिशवी उचलणाऱ्या कॅडीचे पैसे निराळे. काठ्या, बूट, कॉलरचा शर्ट हे आपले आपण घ्यायचे.

दर क्लबागणिक वेगळे आहेत आणि वरचेवर बदलतात, म्हणून आम्ही कोणत्याही क्लबचा दर येथे देत नाही. हिशेब समजावा म्हणून गोल आकडे धरू. समजा प्रवेश फी ५ लाख आणि वर्गणी वर्षाला ४० हजार. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे प्रवेशाचे ५ लाख ९० हजार झाले, वर्गणीचे ४७ हजार २००. प्रवेशाची रक्कम दहा वर्षांवर वाटली तर वर्षाला ५९ हजार. दोन्ही मिळून वर्षाचे १ लाख ६ हजार २०० रुपये, आणि यात एकही डाव खेळलेला नाही. प्रत्येक डावाला मैदान फी, कॅडी, नाश्ता आणि गाडीचे डिझेल असे साडेतीन हजार धरा. महिन्यातून एकदा गेलात तर एक डाव पडतो १२ हजार ३५० रुपयांना. महिन्यातून दोनदा गेलात तर ७ हजार ९२५, आणि चारदा गेलात तर ५ हजार ७०० च्या आसपास.

चारदा जाणे म्हणजे काय, तेही पाहू. सुप्याहून येरवड्यापर्यंत शिक्रापूर आणि वाघोलीची गर्दी काढून जायला दीड-दोन तास, यायला तेवढेच, मध्ये चार तास खेळ. रविवारचा दिवस गेला. ज्याच्या कारखान्यात मालकच फोरमन असतो, त्याने महिन्यातले चार दिवस काढायचे कुठून?

आणि हा हिशेब अजून अर्धाच आहे. प्रवेशाचे ५ लाख ९० हजार धंद्यात राहिले असते तर? आपण व्यापारी माणसे व्याजाचा हिशेब करीत नाही, फिरत्या मालाचा करतो. तेवढ्या रकमेचा पत्रा घेतला, वर्षात चार वेळा भांडवल फिरले आणि दर फेऱ्याला ८ टक्के सुटले, तर १ लाख ८८ हजार ८०० रुपये होतात. ते बुडाले. म्हणजे क्लबचा खरा वार्षिक भार २ लाख ९५ हजार. त्यात चोवीस डावांचे ८४ हजार मिळवा, ३ लाख ७९ हजार झाले. आठ टक्के नफ्याच्या धंद्यात एवढे भरून काढायला दरसाल ४७ लाखांहून अधिक रुपयांचे जादा काम मिळायला हवे. जादा, म्हणजे क्लबमुळेच मिळालेले. एरवी मिळणारच होते ते यात धरायचे नाही. हा आकडा ऐकल्यावर आमचे वाचक बराच वेळ अर्जाकडे पाहत राहिले.

कराच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेला कर पुढे वजा करून घ्यायची सवय असते. क्लबच्या सदस्यत्वावर ती सवलत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ती स्पष्ट नाकारली आहे. ते १८ टक्के गेले ते गेलेच. आयकराचे थोडे वेगळे आहे. कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी भरलेली क्लबची फी हा धंद्याचा खर्च आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये युनायटेड ग्लास कंपनीच्या प्रकरणात मान्य केले. पण ते कंपनीचे झाले. एकट्या मालकीच्या धंद्यात मालक स्वतः खेळायला जातो, तेव्हा हा वैयक्तिक खर्च नाही हे दाखवण्याचे ओझे त्याच्यावर येते. अर्ज भरण्याआधीच आपल्या लेखापालाला विचारा, नंतर नको.

आता एक गोष्ट आमच्या वाचकांपुरती, आणि ती आम्हाला पैशाहून मोठी वाटते. क्लबात सहसा रोखीचा व्यवहार नसतो. पाहुण्याला स्वतः बिल भरता येत नाही, सदस्याने सही करायची आणि ते त्याच्या खात्यावर पडते. खेळ संपल्यावर मंडळी बारमध्ये बसतात. गोल्फ खेळणारे गमतीने त्याला एकोणिसावा होल म्हणतात. आपण लिंबू सरबत घेऊ, पण आपल्या पाहुण्याने मागवलेल्या दारूच्या चिठ्ठीवर सही आपली होणार. ज्या अधिकाऱ्याला खूश करायला इथवर आलो, त्याला त्या टेबलावर "आपण मागवू नका" असे किती जण म्हणू शकतील? ज्याची तशी हिंमत आहे, किंवा ज्याचे पाहुणे इतके जिव्हाळ्याचे आहेत की ते स्वतःच समजून घेतील, त्याची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी अर्ज भरण्याआधी या सहीचा विचार करावा.

अनामतीचीही एक कहाणी ऐकण्याजोगी आहे, आणि ती जपानचीच आहे. १९८० च्या दशकात तेथे गोल्फ क्लबांची सदस्यत्वे शेअरसारखी दलालांमार्फत विकली जात. टोकियोजवळच्या कोगानेई क्लबच्या एका सदस्यत्वाचा भाव त्या तेजीत तीस कोटी येनांच्या वर गेला होता. खेळता न येणारे लोकही भाव वाढेल म्हणून घेऊन ठेवीत, बँका त्यावर कर्ज देत. १९९० नंतर फुगा फुटला आणि सदस्यत्वांचे भाव घसरत जाऊन अखेर सरासरीने नव्वद टक्क्यांहून अधिक खाली आले. क्लबांनी घेतलेल्या अनामती परत करण्याची मुदत आली तेव्हा अनेकांच्या तिजोरीत पैसे नव्हते आणि कित्येक मैदाने दिवाळखोरीत गेली. तेव्हा अनामत परत मिळेल असे अर्जावर छापले असले, तरी क्लबाचा ताळेबंद मागून पाहावा. (परत येणारी अनामत हे आपले येणे आहे, जकातीचा हिशेब करताना तिचे काय करायचे ते उलेमांना विचारून घ्यावे.)

क्लबांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. एकत्र बसायच्या जागेची किंमत आपल्या वडीलधाऱ्यांना चांगली कळत होती. मुंबईत जस्टिस बद्रुद्दीन तय्यबजी यांनी इस्लाम क्लब आणि इस्लाम जिमखाना यांच्या स्थापनेत पुढाकार घेतला तो उगाच नव्हे. गोऱ्यांच्या क्लबांची दारे हिंदी माणसाला बंद होती त्या काळात, १९१८ साली, मुंबईला विलिंग्डन क्लब निघाला. तेथे हिंदी आणि युरोपीय दोघांना प्रवेश होता आणि गोल्फचे मैदानही होते. दाराबाहेर राहिल्याने व्यापारात काय नुकसान होते ते त्या पिढीने सोसले होते. पण त्या मंडळींनी धंदा आधी उभा केला आणि क्लब मागाहून. उलट, नाशिकला जाऊन पाहा. तेथे 'गोल्फ क्लब मैदान' हे नाव लोकांच्या तोंडी अजून आहे, पण मैदानावर गोल्फ नाही, क्रिकेट चालते.

मग ही वर्गणी परवडते कोणाला? ज्याचा माल निर्यात होतो किंवा ज्याचे चार-पाच मोठे ग्राहक आधीपासून आहेत, ज्याच्या मागे कारखाना सांभाळणारा मुलगा किंवा भाऊ आहे, जो पुण्यात राहतो आणि ज्याला खेळाची मनापासून आवड आहे, त्याला. त्याने कंपनीच्या नावाने सदस्यत्व घ्यावे, पण नाव बदलायला किती पैसे पडतात, सदस्यत्व मुलाकडे जाते का, वर्षभर बाहेरगावी राहिल्यास वर्गणीत सूट आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. आपल्या छावणीतील मैदानाचे काय, असेही एकाने विचारले. लष्करी मैदाने लष्करी अधिकाऱ्यांसाठी असतात; बाहेरच्या माणसाला प्रवेश मिळालाच तर तो त्यांच्या अटींवर.

कारागिरांनी मात्र या क्लबांकडे दुसऱ्या बाजूने पाहावे. एवढ्या मोठ्या मैदानाला गवत कापण्याच्या यंत्रांच्या पात्यांना धार लावणारा लागतो, पाण्याच्या पाइपांचे वेल्डिंग लागते, जाळ्या, बाके, खुर्च्यांची गादी, नोकरांचे गणवेश, पिशव्यांची शिवण लागते. भिंगारच्या दर्जी, मोची आणि लोहार घराण्यांनी छावणीच्या अशाच कामांवर पिढ्या काढल्या. या कामाला प्रवेश फी पडत नाही. व्यवस्थापकाला भेटून दरपत्रक द्यायचे आणि काम वेळेवर करायचे.

ओळखी वाढवण्याचे स्वस्त मार्गही आहेत. व्यापार-उद्योगाच्या वाढीसाठी झटणाऱ्या नोंदणीकृत संस्थेची वर्गणी माणशी वर्षाला एक हजार रुपयांपर्यंत असेल, तर तिच्यावर जीएसटीही लागत नाही; जानेवारी २०१८ पासून तशी सूट आहे. पुण्याची मराठा चेंबर ही संस्था १९३४ पासून, तर महाराष्ट्र चेंबर १९२७ पासून काम करीत आहे. तेथील वर्गणी धंद्याच्या आकाराप्रमाणे कमीजास्त असेल, पण खरेदी अधिकारी अशा सभांना आणि प्रदर्शनांनाही येतात, आणि तेथे फक्त चहा असतो.

आमचे वाचक परवा पुन्हा भेटले. क्लबचा अर्ज अजून त्यांच्या खणात आहे, मुदत महिनाअखेरची आहे. एका ओळखीच्या सदस्याबरोबर पाहुणा म्हणून दोनदा मैदान पाहून येतो आणि मग ठरवतो, असे ते म्हणाले. वाकवण्याच्या यंत्राचे दरपत्रक मात्र त्यांनी दोन ठिकाणांहून मागवले आहे. त्यातले एक जुने पण दुरुस्त केलेले यंत्र भोसरीत आहे, आणि ते पाहायला येत्या सोमवारी आम्हालाही बरोबर बोलावले आहे.