स्फटिकांचा मोतीबिंदू



स्फटिक म्हटला कीं देवघरांतील शिवलिंग किंवा सोनाराच्या पेटींतील खडे आपल्या डोळ्यांपुढें येतात. मी आज बोलणार आहें तीं स्फटिकें मात्र जिनेव्हाजवळ सर्न या संस्थेच्या भूमिगत प्रयोगशाळेंत आहेत. शिसें, टंगस्टन व प्राणवायु यांपासून घडविलेलीं, कांचेसारखीं स्वच्छ, पण तेवढ्याच आकाराच्या लोखंडाहून जड! 'सीएमएस' नांवाच्या महायंत्रांत अशीं ७५,८४८ स्फटिकें बसविलीं आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाहि या प्रयोगांत सहभागी आहे.

प्रोटॉनांच्या टकरींतून उडालेला प्रकाशकण स्फटिकांत शिरून अडला म्हणजे त्याच्या ऊर्जेच्या प्रमाणांत निळसर प्रकाश उमटतो, व मागें चिकटविलेलें उपकरण तो मोजतें. २०१२ सालीं जाहीर झालेल्या हिग्ज कणाच्या शोधाचा एक मुख्य पुरावा अशा प्रकाशकणांच्या जोड्यांचा होता. मोजणी चुकती, तर तो कण गर्दींत हरवला असता.

पण ज्या माऱ्याचें मोजमाप करावयाचें, तोच मारा स्फटिकास बिघडवितो. स्फटिकांतील अणु वर्गांतील मुलांप्रमाणें रांगेनें बसलेले असतात. मात्र एखादा प्राणवायूचा अणु गैरहजर असतोच. माऱ्यानें सुटे झालेले इलेक्ट्रॉन अशा रिकाम्या जागा बळकावतात आणि निळा प्रकाश गिळूं लागतात. त्या जागांस 'रंगकेंद्रें' म्हणतात. स्फटिकाची चमकण्याची शक्ति शाबूत राहते, धूसर होते ती प्रकाशाची वाट. माझ्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढण्यापूर्वीं माझी गत हीच होती: आंतला पडदा ठीक, भिंग तेवढें गढूळ.

डोळ्याहून स्फटिक एका परीनें सुदैवी. टकरी थांबल्या कीं साध्या १८ अंशांच्या उष्णतेनेंहि अडकलेले इलेक्ट्रॉन हळूहळू सुटतात व स्वच्छता बरीचशी परत येते. म्हणजे दृष्टि सारखी बदलते! म्हणून प्रत्येक स्फटिकांत सुमारें दर ४० मिनिटांनीं लेसरचा मोजका प्रकाश सोडून तो किती पार होतो हें पाहतात, व त्यावरून आकडे दुरुस्त करतात. परीक्षकाची नजर किती मंदावली हें ठाऊक असलें म्हणजे गुण सुधारतां येतात, तसेंच हें.

प्रोटॉन, पायॉन यांची इजा मात्र भरून येत नाहीं. ते अणुगर्भच फोडतात, आणि तुकड्यांच्या वाटेवरील घडण कायमची विस्कटते. यंत्राच्या दोन्ही टोकांस हा मारा सर्वांत अधिक. तेथील स्फटिकें काढून सिलिकॉनचीं उपकरणें बसविण्याचें ठरलें आहे. मधलीं ६१,२०० राहतील, पण ९ अंशांवर. प्रकाश मोजणाऱ्या उपकरणांचा गोंगाट थंडीनें कमी होतो. स्फटिकांचें बरें होणेंहि त्याच थंडीनें मंदावतें, तो तोटा शास्त्रज्ञांनीं जाणूनबुजून पत्करला आहे.