गोवर उतरला, पण गेला का?

२०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवरची साथ आली, मुलं दगावली. तरी पालकसभेत आम्हाला ऐकावं लागतं, "सर, गोवर सगळ्यांनाच होतो, आठ दिवसांत उतरतो." बहुतेकदा उतरतोही.

गोवरचा विषाणू म्हणजे चरबीच्या पातळ पिशवीतला आरएनएचा धागा. पिशवीवर बाहेरून काटे असतात आणि आतून, शेरवानीच्या अस्तरासारखं, मॅट्रिक्स प्रोटीन. त्याचे रेणू जोडीजोडीने जाळं विणतात. हे जाळं एका बाजूने काटे धरतं, दुसऱ्या बाजूने धागा. याच्याच जोरावर नवा विषाणू पेशीच्या पडद्याला फुगवून बाहेर सुटतो.

क्वचित हा विषाणू मेंदूत राहून जातो. तिथे मॅट्रिक्सचं जनुक इतकं बिघडतं की अस्तर नीट बनतच नाही. वाटेल, चला, विषाणू लंगडा झाला. पण होतं उलटं! बाहेर पडता येत नाही म्हणून तो पेशीतून शेजारच्या पेशीत गुपचूप सरकतो, अँटीबॉडीजच्या हाती लागत नाही. साधारण सात ते दहा वर्षांनी हुशार मूल धडे विसरू लागतं, अंगाला झटके येतात. या आजाराला एसएसपीई म्हणतात. तो बरा करणारं औषध आजही नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना धोका जास्त.

लसीतला विषाणू अशा रुग्णांच्या मेंदूत सापडलेला नाही, सापडतो तो साथीतलाच. एमआरचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, सरकारी दवाखान्यात मोफत. कार्ड काढून आजच बघा, दुसरा राहिलाय का.