माप आणि वजन (भाग 9) : दांडा एकाच लयीत

गेल्या आठवड्यात आपण तोळ्यापाशी थांबलो होतो. 1833 साली कंपनी सरकारने तोळा 180 ग्रेनांचा ठरवला आणि त्या हिशेबाने आपली गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित जड भरली, इथवर आलो होतो. हा ग्रेन मूळचा जवाचा दाणा. 7000 ग्रेनांचा एक पौंड, आणि एका ग्रॅममध्ये 15.43 ग्रेन. आपल्या सराफांच्या पेढीवरून तो केव्हाच उठला. पण अमेरिकेत एका कामात तो आजही दररोज तोंडी असतो. ते काम म्हणजे झाडलेली काडतुसं पुन्हा भरणं.

गोळी सुटून गेली तरी काडतुसाची पितळी पुंगळी शाबूत राहते. तिला नवी टोपी बसवायची, मोजून दारू भरायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबायची, की काडतूस पुन्हा तयार. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय असं काही करता येत नाही. तिकडे मात्र हजारो नेमबाज आणि शिकारी घरातल्या बाकावर हे काम करतात. आपल्या लेखमालेला त्यातला एकच प्रश्न हवा आहे. दारू लागते वजनावर, कारण तिच्यात ऊर्जा किती आहे हे वजन सांगतं. पण प्रत्येक पुंगळीसाठी तराजू धरत बसलं तर दिवस पुरत नाही, म्हणून ती मोजतात मापाने. मग दर मापाला वजन तेवढंच पडेल, याची खात्री कशी द्यायची?

हा प्रश्न आपल्या खळ्यावरचाच आहे. ‘लाभ, दोन, तीन’ म्हणत पायली मोजणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो नव्याने सांगायला नको. पायली तीच, ज्वारी तीच, पण अलगद ओतली तर एक भरते आणि भरताना गुडघ्याचा धक्का दिला तर दुसरी. म्हणून घेणारा म्हणायचा, जरा हलवून भर, आणि देणारा हलवायचा नाही. ‘मापात पाप’ म्हणतात ते नेहमी खोट्या मापाचं नसायचं, कितीदा तरी ते हाताचं असायचं.

यामागचं गणित पाहण्यासारखं आहे. एकसारख्या गोल गोळ्या भांड्यात सैल ओतल्या तर भांड्याची सुमारे 60 टक्के जागा त्या व्यापतात, बाकी पोकळी. तेच भांडं ठोकून ठोकून भरलं तर ही जागा सुमारे 64 टक्क्यांवर जाते. चारच टक्के दिसतात खरे, पण 60 वर चार म्हणजे मालात पंधरावा हिस्सा वाढ. 30 ग्रेनांच्या मापात हा फरक 2 ग्रेनांचा होतो. दारूभरणीत 2 ग्रेन ही किरकोळ चूक नव्हे. पुस्तकात दिलेल्या कमाल मर्यादेच्या आसपास भरणाऱ्याला ती थेट धोक्यात नेऊ शकते.

सगळ्यात साधं माप म्हणजे ली कंपनीचा चमचा. पिवळ्या प्लॅस्टिकची लहानशी वाटी आणि तिला दांडी. 0.3 पासून 4.3 घन सेंटिमीटरपर्यंतच्या 15 चमच्यांचा संच मिळतो. नवखा माणूस साखर काढावी तसा तो दारूत खुपसून वर ओढतो आणि तिथेच चुकतो, कारण दर वेळी वाटीत दाब वेगळा येतो. खरी रीत निराळी आहे. वाटीचं तोंड वर ठेवून चमचा दारूत सरळ खाली दाबायचा. दारू चहूबाजूंनी काठावरून आपसूक आत ओघळते. मग तो उचलायचा आणि पत्त्याची कड फिरवून शीग उतरवायची. हलवायचं नाही, ठोकायचं नाही. दारूला आपल्या वजनाने जितकं बसायचं तितकं बसू द्यायचं. मला ही रीत फार आवडते. माणसाच्या हाताचा लहरीपणा ती मापातून बाहेर काढते आणि त्यासाठी एक पत्ता सोडून काही मागत नाही.

यंत्रमाप त्याच्या पुढचं. वर दारूचा उभा हॉपर, खाली आडवा फिरणारा ड्रम, ड्रमला कमी-जास्त करता येणारी पोकळी आणि बाजूला दांडा. दांडा वर नेला की पोकळी हॉपरखाली येऊन भरते, खाली आणला की ती उलटी होऊन पुंगळीत रिकामी होते. एवढं सोपं असूनही दोन माणसांच्या हातात एकच यंत्र वेगळी वजनं देतं. एक जण दांडा वर नेऊन टेकवतो आणि लगेच खाली ओढतो. दुसरा वर क्षणभर थांबतो, त्याचा दांडा टोकाला हलकेच आपटतो. त्या आपटण्यातच दारू दाबली जाते. आपटावं की आपटू नये यावर जाणत्यांत मतं आहेत, पण आपटायचं तर प्रत्येक वेळी तितकंच, यावर कोणाचं दुमत नाही. वर एक ठोका, थांबा, खाली एक ठोका. जात्यावर बसलेल्या बाईच्या हाताला लय असते तशी लय लागते. मध्ये कोणी हाक मारली आणि हात अडखळला, तर ते माप पुंगळीत ठेवायचं नाही, हॉपरमध्ये परत टाकायचं.

हॉपरमध्ये दारू किती आहे, यानेही फरक पडतो. इथे एक मजेशीर नियम उपयोगी येतो. पाण्याची टाकी जितकी उंच तितका तळाशी दाब जास्त. धान्याचं तसं नसतं. 1895 साली यान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने कोठारातल्या धान्यावर प्रयोग करून दाखवलं, की दाणे भिंतींवर रेलतात आणि ठरावीक उंचीनंतर वर कितीही भर घातली तरी तळाचा दाब फारसा वाढत नाही. हॉपर चांगला भरलेला असेपर्यंत मापं एकसारखी का पडतात, आणि तो तळाला आला की हलकी का पडू लागतात, याचं उत्तर यात आहे. म्हणून जाणते लोक हॉपर अर्ध्याखाली जाऊ देत नाहीत. शिवाय आत एक वाकवलेला, भोकं पाडलेला पत्रा बसवतात. वरचं ओझं तो पेलतो आणि खाली ड्रमपाशी दाब जवळजवळ स्थिर राहतो. नव्याने भरलेल्या हॉपरमधली पहिली काही मापं मात्र कोणीच मोजणीत धरत नाही. दारू बसायला तेवढा वेळ लागतो.

दारूचा स्वतःचा स्वभावही असतो. बारीक गोळीदार दारू पाण्यासारखी वाहते, तिची मापं एकमेकांपासून ग्रेनाच्या दहाव्या हिश्शाइतकीच ढळतात. पापुद्र्यांसारखी दारू अडते. 1900 पासून बाजारात असलेली ‘युनिक’ त्याबद्दल प्रसिद्ध आहे, तिचे मोठे पापुद्रे पोकळीच्या तोंडाशी कमान धरतात. पिस्तुलाच्या काडतुसात दारू मुळात थोडी, त्यामुळे तिथे तेवढीच चूक टक्केवारीत मोठी ठरते. आणि शेवयांच्या तुकड्यांसारखी कांडीदार दारू ड्रमच्या धारेत सापडून कचकन तुटते. दांड्यावरच्या हाताला तो कचका कळतो. तेही माप परत टाकायचं.

मग वजन कधी करायचं? सुरुवातीला आणि अधूनमधून. एकेक माप तोलून पाहण्यापेक्षा सलग दहा मापं एकत्र तोलून दहाने भागलं तर सरासरी चांगली कळते. पण सरासरी बरोबर येऊनही एक माप जड आणि एक हलकं असू शकतं, म्हणून पुढची दहा सुटी सुटी तोलून त्यांच्यातलं अंतर बघायचं. डबा बदलला की हे सगळं पहिल्यापासून, कारण एकाच नावाच्या दारूची घनताही खेपेगणिक बदलते. काम संपलं की हॉपरमधली दारू त्याच दिवशी तिच्या मूळ डब्यात. सकाळी हॉपरमध्ये काय होतं हे आठवावं लागलं, तर ती दारू वापरायची नाही. आणि गोळी दाबण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत दिवा धरून डोकवायचं. दोनदा पडलेलं माप आणि न पडलेलं माप, दोन्ही डोळ्यांना लगेच दिसतात, आणि दोन्हींनी बंदूक फुटल्याचे प्रसंग घडलेले आहेत.

आता एक गोष्ट, जी मला सुरुवातीला खरी वाटली नव्हती. नेमबाजीतला सर्वांत काटेकोर प्रकार म्हणजे बेंचरेस्ट. बाकावर टेकवलेल्या रायफलीने 100 आणि 200 यार्डांवर गोळ्या एकाच भोकात घालायच्या. 1973 साली मॅक मॅकमिलन यांचा पाच गोळ्यांचा गट 0.009 इंचाचा भरला आणि तो विक्रम 40 वर्षं टिकला. या खेळातले बहुतेक लोक दारू तोलत नाहीत. मैदानावरच्या टेबलाला यंत्रमाप लावून, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, त्याच मोजक्या पुंगळ्या पुन्हा भरतात. सेकंदाला 3000 फूट वेगाची गोळी 100 यार्डांत जेमतेम 2 इंच खाली येते. वेग एका टक्क्याने चुकला तरी त्या 2 इंचांत फरक पडतो इंचाच्या पंचविसाव्या हिश्शाचा, आणि चांगल्या हाताच्या मापात चूक त्याहूनही बरीच कमी असते.

1000 यार्डांवर तोच एक टक्का गोळीला 6 इंचांहून जास्त खाली-वर नेतो. तिथले नेमबाज यंत्रमापाने मुद्दाम थोडं कमी टाकतात, पुंगळीतली दारू नाजूक तराजूच्या पारड्यात ओततात आणि चिमट्याने कांडी कांडी वाढवत नेतात. एका कांडीचं वजन ग्रेनाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढं. आकडा एका कांडीने पुढे गेला, तर तीही चिमट्याने उचलून परत डब्यात जाते.