जादूच्या खेळाची मजा का ओसरते?

मुलांनो, अमर अय्यारच्या झंबीलची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या लहानशा पिशवीत सारी दुनिया मावते. तशी दुनिया आता मोबाइलमध्ये मावते. गिरणेकाठी भडगावात बसलेला मुलगा खेळात जादूगार होतो आणि दूरदेशीच्या खेळाडूंबरोबर राक्षसांशी लढतो.

पहिल्या दिवशी मोठी मजा येते. थोड्या थोड्या वेळाने नवी तलवार, नवा मंत्र, वरची पायरी! पुढे मात्र एकेका पायरीला आठवडा लागतो. तोच लांडगा शंभर वेळा मारावा लागतो. असे का? प्रत्येक पायरीसाठी लागणारे गुण मुद्दाम वाढवलेले असतात. अशी दुनिया रचायला काही वर्षे लागतात, पण खेळाडू ती थोड्याच दिवसांत पाहून संपवतो. मग त्याला धरून ठेवण्यासाठी काम लांबवतात. काही खेळांत तर लवकर पुढे जायची वाट पैसे घेऊन विकतात!

‘तिलिस्म-ए-होशरुबा’ सांगणारे दास्तानगोही कथा लांबवीत; पण त्यासाठी ते नवनवी अय्यारी रचत.

जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने २०१० साली ‘फायनल फँटसी चौदा’ हा खेळ आणला. आधीच्या खेळांमुळे लोकांना मोठी आशा होती. चित्रे देखणी होती, पण तेच डोंगर, त्याच वाटा पुन्हा पुन्हा दिसत. खेळाडू नाराज झाले. कंपनीने माफी मागितली, २०१२ साली खेळ बंद केला आणि नव्याने रचून ऑगस्ट २०१३ मध्ये परत आणला. तो आजही खेळला जातो.