हार्टच्या पेशंटची तहान : पाणी तोडू नका, मोजून द्या

मागच्या उन्हाळ्यात आम्ही एका घरी भेटीला गेलो. हार्टचं पंपिंग कमी झालेल्या आजी खाटेवर, आणि त्यांचा हात पोचू नये म्हणून पाण्याची कळशी उंच फळीवर. सून रडवेली झाली होती. "डॉक्टर म्हणाले पाणी कमी. आत्या रात्री चोरून पितात. रोज किती भांडू?" १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला, त्यांची आपण लेकरं. घरच्या म्हाताऱ्या माणसाला पाणी नाही म्हणताना जीव तुटणारच.

ही तहान म्हणजे हट्ट नव्हे, ती आजारातूनच येते. हृदय कमजोर झालं की मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं. त्याला वाटतं, अंगातलं पाणीच आटलं. मग ते मीठ-पाणी धरून ठेवतं आणि शरीरातली संप्रेरकं मेंदूला तहानेचा निरोप देतात. म्हणून पाय सुजलेले, तरी घशाला कोरड. लघवीच्या गोळीनेही तोंड सुकतं.

"पाणी कमी" म्हणजे किती, ते डॉक्टरांना लिटरमध्ये विचारा. बहुधा दीड ते दोन लिटर सांगतात. तब्येत स्थिर असेल तर प्रत्येकाला एवढं बंधन लागतंच असं नाही. नेदरलँड्समधल्या २०२५ च्या एका अभ्यासात अशा पेशंटना तहानेप्रमाणे पिऊ दिलं, तर तब्येत दीड लिटरवाल्यांपेक्षा बिघडली नाही आणि तहानेचा जाच कमी झाला. पण आपल्या मनाने माप वाढवू नका.

सकाळी तेवढी बाटली भरून पेशंटच्याच हाती द्या. चहा, ताक, पेज, डाळीचं पाणीही त्याच मापात. चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून काढायचं. आजींच्या सुनेने बाटलीवर पेनाने रेघा मारल्या, भांडण निम्मं मिटलं. मधे चूळ भरून थुंकावं, लिंबाची फोड चोखावी, बिनसाखरेचं च्युइंगम चघळावं. सुकट, बोंबील, पापड, लोणचं, फरसाण यांतल्या मिठाने तहान भडकते. (सुकट सोडणं जड जातं, आम्हालाही.) लो सोडियम मीठ विचारल्याशिवाय आणू नका; त्यातलं पोटॅशियम हार्टच्या काही गोळ्यांबरोबर धोक्याचं.

ओपीडीत सहसा न निघणारी एक गोष्ट. सार्वजनिक संडासाची रांग, रात्रीचा अंधार, म्हणून कित्येक बायका लघवीची गोळीच गाळतात. आजीही गाळत होत्या. गोळी गाळली की पाणी अंगात साचतं. लाज न धरता डॉक्टरांना सांगा, गोळीची वेळ बहुतेकदा बदलून मिळते. वस्तीत संडास मागण्याचा लढा वेगळा, तो चालूच आहे.

रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, किंवा आडवं होताच दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बसूनही श्वास पुरत नसेल तर १०८ ला फोन करा. उलट, पत्र्याच्या घरात उन्हाने चक्कर येत असेल, लघवी कमी होत असेल, तर पाण्याचं आणि गोळीचं माप डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्या. शुगरही तपासा, ती वाढली तरी अशीच तहान लागते.