बुडखा काढायचा, पण यंत्र आत जाणार कसे?

झाड तोडणे अर्ध्या दिवसाचे काम. खरा प्रश्न त्यानंतर उरतो. खोड आणि फांद्या लाकूडवाला घेऊन जातो, बुडखा मात्र जागेवरच राहतो. कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या जालना शहरात जुन्या घरांचे अंगण, विहिरीचा काठ, कुंपणाची भिंत अशा जागी कडुनिंबाचे किंवा चिंचेचे बुडखे हमखास आढळतात. त्यांना वाळवी लागते, कडुनिंब आणि सुबाभूळ पुन्हा फुटतात आणि जागा अडून राहते. पहार आणि कुऱ्हाडीने खणायचे तर दोन-तीन दिवस मोडतात. जेसीबी सर्वांच्या ओळखीचा; पण सुमारे सव्वादोन मीटर रुंदीचे हे धूड बोळात वळणार कसे? शिवाय बुडखा ओढताना मुळांबरोबर पायाचे दगडही हलतात.

अशा ठिकाणी बुडखा उपटण्याऐवजी किसून काढणारे लहान यंत्र उपयोगी पडते. टंगस्टन कार्बाइडचे कठीण दात बसवलेले चाक वेगाने फिरते आणि डावीकडून उजवीकडे सरकत लाकडाचा थोडाथोडा भुसा करीत खाली उतरते. आजूबाजूच्या जमिनीला फारसा धक्का बसत नाही.

यंत्र निवडताना बहुतेकजण बुडख्याचा घेर मोजतात. आधी मोजायला हवी ती वाट. फाटकाची रुंदी, बोळातील वळण, पायऱ्या आणि बुडख्याभोवती माणसाला उभे राहण्यास लागणारी जागा ही मापे घेतली की पर्याय आपोआप कमी होतात. हातात धरून चालवायचे यंत्र कुठेही नेता येते, परंतु मोठ्या बुडख्यावर ते माणसाला थकवते. सुमारे १३ अश्वशक्तीचे, चाकांवर ढकलत नेण्याचे पेट्रोल यंत्र साधारण तीन फुटांच्या फाटकातून जाते आणि जमिनीखाली फूटभर काम करते. घरगुती गरजेला बहुधा तेच पुरते. स्वयंचलित, पट्ट्यांवर चालणारी यंत्रे अधिक शक्तिशाली. त्यांतील काही अरुंद बांधणीची असली तरी त्यांचे वजन पायऱ्यांवरून नेण्याजोगे नसते. चिंच आणि बाभळीचे लाकूड कठीण, म्हणून तेथे शक्तीत काटकसर केली तर वेळ दुप्पट लागतो. एकाच बुडख्यासाठी यंत्र विकत घेणे मात्र शहाणपणाचे नाही. भाड्याने मिळाल्यास उत्तम.

मराठवाड्यातील जमीनही हिशेबात धरावी लागते. काळी माती पावसाळ्यात चाकांना धरून ठेवते, तर मुरमाड जागी दगड लागून दात तुटतात. तेव्हा बुडख्याभोवतीची माती आधी हाताने उकरून दगड वेचणे आणि खोड करवतीने शक्य तितके जमिनीलगत कापणे हिताचे. नळाची वाहिनी किंवा वीजतार कोठून गेली आहे, याची खात्रीही त्याच वेळी करावी. भुश्याचे तुकडे आणि खडे जोरात उडतात; चाकावरचे संरक्षक पडदे शाबूत नसतील तर खिडक्यांच्या काचा आणि चालवणाऱ्याचे डोळे दोन्ही धोक्यात येतात. बंदिस्त चौकात पेट्रोल इंजिनाचा धूर साचतो, हेही ध्यानात घ्यावे.

जिल्ह्यात या विषयाला दुसरी बाजू आहे ती मोसंबीची. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या आणि अनेक शेतकऱ्यांना स्वतःच्याच झाडांवर कुऱ्हाड चालवावी लागली. २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. बाग पुन्हा उभी करताना जुन्या बुडख्यांचा प्रश्न येतोच. ६ बाय ६ मीटर अंतरावरील बागेत काही झाडे जिवंत असतील, तर त्यांच्या पसरलेल्या फांद्यांमधून आणि ठिबकच्या नळ्यांवरून जेसीबी नेणे महागात पडते. तेथे लहान यंत्राचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु किसणी यंत्र मुळे काढत नाही, केवळ वरचा भाग संपवते. झाड डिंक्या किंवा मूळकूज रोगाने मेले असेल, तर रोगट मुळे आणि भुसा जमिनीत सोडून त्याच खड्ड्यात नवे कलम लावणे म्हणजे रोगाला आमंत्रण. तेथे कष्ट पडले तरी हाताने खणून मुळे काढावीत आणि नवा खड्डा बाजूला घ्यावा. निव्वळ पाण्याअभावी वाळलेल्या झाडाच्या बाबतीत एवढी धास्ती नाही.

भुश्याचे काय करायचे, हे पुढच्या वापरावर अवलंबून आहे. निरोगी झाडाचा भुसा आच्छादन म्हणून चालतो. मातीत मिसळला तर कुजताना तो नत्र ओढून घेतो आणि नवे रोप पिवळे पडते. जागेवर फरशी टाकायची असेल तर भुसा पूर्ण उपसावा, कारण तो कुजून खड्डा खचतो. खड्ड्यात मुरूम थराथराने भरून, पाणी मारून धुम्मसाने ठोकावा आणि एक पावसाळा जाऊ देऊन मगच फरशी बसवावी.