६१ मूळ, ४०००६१ संयुक्त!

वेसाव्याचा, म्हणजे पाटीवरच्या वर्सोव्याचा, पिनकोड ४०००६१. पिनकोड येण्याआधी मुंबईच्या पत्त्यांना छोटे क्रमांक असत. त्या सवयीनं आजही कुणी नुसतं 'मुंबई ६१' लिहून मोकळं होतं. गंमत अशी, की हा ६१ मूळ संख्या आहे. २, ३, ५, ७ यांपैकी कुणीही त्याला निःशेष भागत नाही. ११ला हात लावायची गरजच नाही. विभाजक नेहमी जोडीनं येतात आणि जोडीतला एक तरी वर्गमुळाच्या आत असतोच. अकरा गुणिले अकरा १२१, म्हणजे ६१ कधीच मागे पडला.

पण ६१च्या आधी ४००० लावले, की सगळा नूर पालटतो. ४०००६१ मूळ नाही!

पुरावा हवा? वही घ्या. १७ची कसोटी अशी: शेवटचा अंक तोडा, त्याची पाचपट उरलेल्या संख्येतून वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहा. ४०००६१चा १ तोडला, ४०००६ उरले, त्यातून ५ गेले: ४०००१. पुन्हा तेच: ३९९५. मग ३९९ वजा २५: ३७४. मग ३७ वजा २०. उरले बरोबर १७! यामागे जादू नाही, लहानपणी घोकलेला पाढा आहे: सतरा त्रिक एक्कावन्न. ५१ ही १७ची पट असल्यामुळेच ती पाचपट कामाला येते.

१०१ तर याहून सोपा. संख्येच्या उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडा: ६१, ००, ४०. आता एक आड एक वजा-अधिक करा. ६१ वजा ० अधिक ४०, उत्तर १०१. मला ही ओळ फार आवडते. विभाजक स्वतःच समोर येऊन उभा राहतो. शेवटचा हिशेब असा: ४०००६१ = १७ × १०१ × २३३. तिन्ही मूळ. एकूण विभाजक आठ: १, १७, १०१, २३३, १७१७, ३९६१, २३५३३ आणि ४०००६१.

आता मेट्रोनं अंधेरीला उतरून पूर्वेला या. तिथला पिनकोड ४०००६९. इथं नेमकं उलटं आहे. ६९ म्हणजे ३ × २३, संयुक्त. पण ४०००६९ अस्सल मूळ! याची खात्री करायला ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. एक संपूर्ण दुपार जाते, पण शेवटचा भागाकार बाकी ठेवून गेला, की झालेला आनंद खरा असतो. शिवाय याला जुळा भाऊ आहे, कांदिवली पश्चिमेचा ४०००६७. दोन मूळ संख्यांत फक्त दोनचा फरक असेल, तर त्यांना जोडमूळ म्हणतात. वडाळ्याचा ४०००३१ आणि कॉटन ग्रीनचा ४०००३३ हीसुद्धा तशीच जोडी. वेसाव्याशेजारचं जुहू मात्र फसवं: ४०००४९ दिसायला मूळ वाटतो, पण १३नं भाग जातो.

हे सहा आकडे आले कुठून? १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. ही योजना मांडणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, केंद्र सरकारचे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. पहिले तीन अंक टपालाची छाननी कुठे व्हायची ते सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट ऑफिस.

बाजारातही हेच गणित चालतं. २४ बोंबील असले, तर २, ३, ४, ६, ८, १२ असे कितीतरी प्रकारे सारखे वाटे पडतात. एक बोंबील कमी झाला की २३, आणि सगळी वाटणी अडली. एकेक सुटा केल्याशिवाय मूळ संख्येचे सारखे वाटे पडत नाहीत, ही तिची व्याख्याच!

पश्चिम रेल्वेनं वर डहाणूपर्यंत गेलात, तर गणितज्ञ द. रा. कापरेकरांचं जन्मगाव लागतं. जन्म १९०५चा. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी आकड्यांशी आयुष्यभर मैत्री केली. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं ज्या संख्येला निःशेष भाग जातो, तिला त्यांनी नाव दिलं 'हर्षद', आनंद देणारी. त्यांच्या नावानं ओळखला जाणारा जगप्रसिद्ध स्थिरांक ६१७४ स्वतःही हर्षदच: अंकांची बेरीज १८, आणि १८ × ३४३ = ६१७४. वेसाव्याची बेरीज ११, पण ११नं ४०००६१ला भाग जात नाही.

आता तुमचा पिनकोड घ्या आणि घरातल्या पोरांना बसवा. सम असेल तर लगेच संयुक्त, शेवटी ५ असेल तरी तेच. मग अंकांची बेरीज करून ३ची कसोटी लावा आणि पुढे चला. वांद्र्याचं उत्तर मी देऊन ठेवते: पूर्वेचा ४०००५१ मूळ आहे, पश्चिमेचा ४०००५० हर्षद.